यादीत नसलेली खाडी

सूरमध्ये फुकटात काय काय बघता येतं, याची मी एक यादी केली होती. अकरा कलमांची. ओमानच्या पूर्व टोकाला समुद्रकाठी वसलेलं हे छोटं गाव. लोक इथे येतात ते जवळच्या किनाऱ्यावर अंडी घालणारी कासवं बघायला, आणि कासवं वर येतात रात्री. मग दिवसभर माणसानं करायचं काय? हा प्रश्न पाहुणे आमच्या हॉटेलच्या रिसेप्शनवर विचारायचे आणि रिसेप्शनवरचा माणूस माझ्याकडे बोट दाखवायचा. मी तिथे मेंटेनन्सला होतो. एसी, गिझर, तुंबलेलं बेसिन, कुरकुरणारं दार, सगळं माझ्या गळ्यात. शिडीवर चढलेला, तोंडात स्क्रू धरलेला माणूस म्हणजेच गावाचं माहिती खातं, असं त्या हॉटेलात कधी ठरलं कोण जाणे.

विचारणारे बहुतेक पाठीवर बोचकं घेऊन फिरणारे तरुण गोरे असायचे. त्यांना पैसे खर्च करायचे नसत. मलाही कधी करायचे नसत. त्यामुळे आमचं छान जमायचं. आठ वर्षांतला प्रत्येक शुक्रवार मी या गावात फुकटात घालवला होता, आणि या विषयात माझा हात धरणारा अख्ख्या सूरमध्ये कोणी नाही, अशी माझी खातरी होती. शेवटी रोज तेच तेच सांगून कंटाळलो आणि एका दुपारी बसून सगळं इंग्रजीत लिहून काढलं. मॅनेजरनं ते टाइप करून प्लास्टिकच्या वेष्टणात घालून रिसेप्शनवर ठेवलं. खाली माझं नाव नव्हतं, पण मी जाता-येता त्या कागदाकडे बघायचो. माझा एसी कुणी असा टेबलावर मांडून ठेवला नव्हता.

सकाळी समुद्रकाठच्या रस्त्यानं, ज्याला इथे कॉर्निश म्हणतात, चालत जाणं. खाडीवरचा झुलता पूल ओलांडून पलीकडच्या जुन्या गावात जाणं. तिथल्या पांढऱ्या दीपगृहाच्या पायथ्याशी बसून गलबतं बघणं. लाकडी गलबतं अजून हातानं बांधतात ती जागा. सकाळचा मासळीबाजार. किल्ला, बाहेरून. थंडीत खाडीवर उतरणारे रोहित पक्षी. शंभर बैशांत, जवळजवळ फुकटातच मिळणारा करक चहा, म्हणजे उकळून उकळून लाल केलेला दुधाचा चहा, तोही समुद्राकडे तोंड करून. अशी सगळी यादी. शेवटचं कलम होतं दुपारच्या उन्हात मोठ्या सुपरमार्केटातल्या एसीत फिरणं. ते गोऱ्यांना पटत नसे. पण मे महिन्यात सूरमध्ये राहून बघा म्हणावं.

त्या वर्षी कुटुंब आणण्यासाठीची पगाराची अट सरकारनं खाली आणली. तोवर माझ्यासारख्यानं बायको-मुलीला आणणं हे स्वप्नातच होतं. आठ वर्षं मी दोन वर्षांतून एकदा दोन महिने गावी, मालवणच्या बाजूला खाडीकाठच्या आमच्या घरी, पाहुण्यासारखा जायचो. मुलगी सहा वर्षांची झाली होती आणि मी आलो की पहिले चार दिवस आईच्या मागे लपायची. पाचव्या दिवशी हात धरायची. मग माझं जायचं तिकीट जवळ यायचं. मला हे संपवायचं होतं. बाकी काही नको होतं. सूरमध्ये भारतीय शाळा होती, दोन खोल्यांची जागा बघून ठेवली होती, मॅनेजर कागदांवर सही करायला तयार होता. अडलं होतं फक्त बायकोच्या हो म्हणण्यावर.

बायकोचं तिकडे बरं चाललं होतं, ही खरी अडचण. शिलाई मशीन होतं, परसात भाजी होती, गावातल्या बायका होत्या, खाडी होती. फोनवर मी विषय काढला की ती म्हणायची, "थंय येवन मी करू काय? चार भितींकडे बघत बसू?" शेवटी तडजोड झाली. महिन्याभराच्या व्हिजिट व्हिसावर दोघींनी यायचं. परतीचं तिकीट आधीच काढायचं, ही तिची अट.

"महिनोभर बघतंय. मगे सांगतंय," ती म्हणाली.

गोव्याहून विमानानं मस्कतला आणि तिथून बसनं सूरला दोघी आल्या. सामानात अर्ध्याहून जास्त सोलं, कुळथाचं पीठ आणि तांदूळ. गुंडाळी करून आणलेलं नव्या वर्षाचं कॅलेंडर तिनं पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात खिळ्याला लावलं, कारण चतुर्थी-एकादशी कळायला नको? मी लगेच लाल पेन घेऊन परतीच्या तारखेभोवती गोल काढला. आपण किती समजूतदार आहोत हे दाखवायला. तो गोल नंतर मला रोज जेवताना दिसायचा.

तिच्या मनगटावरचं घड्याळ भारतातल्या वेळेवरच होतं. इथलं घड्याळ दीड तास मागे. मी म्हटलं, दे, काटे फिरवून देतो.

"परत जाऊचाच आसा मा? मगे दोनदा काटे फिरवूचे कशाक?" असं म्हणून तिनं हात पदराखाली घेतला.

 मी मनात म्हटलं, थांब. माझ्याकडे अकरा कलमं आहेत.

ड्युटी तीनला सुटायची. रोज चार वाजता मी दोघींना घेऊन निघायचो. गाइड लोकांचा असतो तसला उत्साह माझ्या अंगात संचारला होता. झुलत्या पुलावर नेलं. खाली हिरवंगार पाणी, पलीकडे पांढरी घरं, वारा. मी पुलाच्या मध्यावर उभा राहून हात पसरले. बायकोनं पायानं पूल दाबून बघितला.

"आमच्या व्हाळावरचो साकव ह्याच्यापेक्षा बरो हलता."

गलबतं बांधायच्या जागी नेलं. तिथे उन्हात एक दोन मजली उंचीचं लाकडी गलबत उभं होतं, बाजूला रंध्याचा भुसा, तेलाचा वास. एकही नकाशा न काढता नुसत्या अंदाजानं हे बांधतात, असं मी सांगितलं. "लाकूड खंयचा?" तिनं विचारलं. भारतातला साग, मी अभिमानानं सांगितलं. "मगे ह्यां मी झाड आसतानाच बघितलंय," ती म्हणाली आणि सावलीला जाऊन बसली.

किल्ला बाहेरून दाखवला. आत काय आहे, असं तिनं विचारलं. दगड, मी म्हटलं. "भायरसून दिसतत तेच?" तेच. मग आम्ही परत आलो. सुपरमार्केटात नेलं, तर "घेवचा नाय तर बघूचा कशाक?" म्हणून दाराशीच उभी राहिली. करक चहा तिला गोड झाला. दीपगृह तिला आखूड वाटलं. रोहित पक्षी बघून मुलगी टाळ्या पिटायला लागली तेव्हा माझ्या जिवात जीव आला, पण बायकोचं म्हणणं, बगळ्यांनाच रंग लावल्यासारखे दिसतात. दहा दिवसांत माझी दहा कलमं निकालात निघाली. माझा पाराही चढायला लागला होता. आठ वर्षं ज्या गावाच्या आधारानं मी दिवस काढले, त्याला ही बाई एकेका वाक्यात मोडीत काढत होती. एका संध्याकाळी मी चिडून म्हटलंच, "तुका आवडूचाच नाय, असां ठरवन इलंस काय?"  मुलगी आम्हा दोघांकडे बघत राहिली. मला माझीच लाज वाटली.

मासळीबाजार मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. हुकमाचा एक्का. ड्युटी उशिरा सुरू होणार होती त्या सकाळी गेलो. लांबलचक ओट्यांवर सुरमई, कुपा, मोरी, माणसाएवढे मासे. पांढऱ्या कपड्यांतले, डोक्याला फडकं बांधलेले ओमानी कोळी सपासप सुरी चालवत होते. इथे मात्र बायको पुढे झाली. कल्ले उघडून बघितले, बोटानं मांस दाबलं, चार ओट्यांवरून नाक मुरडत पाचव्याला थांबली. तिला असं बघून मला इतकं बरं वाटलं की मी खिशात हातसुद्धा घातला. मग तिनं सगळा बाजार एकदा नजरेखालून घातला आणि विचारलं, "तिसरे खंय आसत?"

तिसऱ्या नव्हत्या. कालवंही नव्हती. शिंपल्यातलं काहीच नव्हतं. कोळ्याला मी अरबीत, हिंदीत, शेवटी दोन तळहात उघडून-मिटून विचारलं. तो हसला, मान हलवली आणि मला कुपा दाखवायला लागला.

"एवढे मोठे मासे," बायको परतताना म्हणाली, "आणि एक तिसरो नाय. कसल्या गावात ऱ्हवतास तुमी?"

त्या दिवशी मी हात टेकले. यादी संपली होती आणि महिना अर्धा व्हायला आला होता.

पुढच्या बुधवारी संध्याकाळी दुसरं काही सुचेना म्हणून आम्ही पुन्हा झुलत्या पुलावर गेलो. सव्वापाचचा सुमार. मी आपला मुलीला पलीकडचं दीपगृह दाखवत होतो, तिला ते एव्हाना पाठ झालं होतं. मागून बायकोचा आवाज आला, असा की मी दचकलोच.

"ओ, थांबा! खाली बघा."

खाली पाणी नव्हतं. सुकती लागली होती. खाडी पार मधल्या धारेपर्यंत ओसरली होती आणि दोन्ही बाजूंना करडा, चकाकणारा चिखल उघडा पडला होता. आठ वर्षं मी तो बघत होतो. माझ्या लेखी त्या वेळची खाडी म्हणजे बघण्यासारखी नसलेली खाडी. पाहुण्यांना मी सांगायचो, पाणी भरलेलं असताना पुलावर जा, फोटो चांगले येतात.

"ती भोकां बघा. जोडीजोडीन आसत," कठड्यावरून वाकून ती म्हणाली. "तिसरे आसत खाली. भरपूर आसत. कोण काढीत कसा नाय?"

तिच्या चेहऱ्यावर मी पंधरा दिवसांत पहिल्यांदा ते बघितलं, ज्याची मी वाट बघत होतो. आणि ते यादीतल्या कशानंही आलं नव्हतं. अंधार पडत आला होता म्हणून नाइलाजानं घरी परतलो. वाटभर ती बोलत होती. चमचा चालेल की सळी लागेल, बादली कुठली, मुलीला कुठली जुनी चड्डी घालायची. घरी आल्या आल्या कॅलेंडरसमोर उभी राहिली.

आमच्याकडे भरतीची वेळ घड्याळात बघत नाहीत, तिथीत बघतात. तिथीची पाऊणपट करायची. जे येईल तितक्या वाजता भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी सुकती. खाडीकाठच्या पोराला पाढ्यांच्या आधी हे येतं. शुक्रवारी माझी सुट्टी आणि तिथी तृतीया. तीनची पाऊणपट सव्वादोन. त्यात सहा तास. सकाळी सव्वाआठला खाडी रिकामी. दोघांचं उत्तर एकच आलं, तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. किती दिवसांनी, ते सांगायला नको.

शुक्रवारी आम्ही वाजतगाजत निघालो. बादली, दोन मोठे चमचे, जेवणाच्या डब्याचं झाकण. बरोब्बर सव्वाआठला, माझ्या घड्याळात बघून, खाडीच्या काठावर हजर. आणि पाणी वर येत होतं. चांगलं पोटरीभर आणि भराभर. बायको तरी हट्टानं आत उतरली, दोनदा हात घातला, दोन्ही वेळा नुसता चिखल. मी काठावरून ओरडत होतो, ती मला गप्प बसायला सांगत होती, मुलगी हसत होती, आणि या गडबडीत बायकोनं काठावर काढून ठेवलेली एक चप्पल पाण्याबरोबर निघाली. मी पॅन्ट वर करून तिच्या मागे धावलो आणि सपशेल बसलो. चप्पल गेली ती गेलीच. वर माझी फजिती.

काठाजवळच्या एका घराच्या पायरीवर एक म्हातारी ओमानी बाई बसली होती. फुलाफुलांचा लांब झगा, डोक्यावरून काळी ओढणी. आमचा तमाशा बघून ती तोंडावर हात धरून हसत होती. तिच्या पायाशी एक बादली होती. बायको अनवाणी तिच्यापाशी गेली, बादलीत वाकून बघितलं आणि माझ्याकडे वळून जवळजवळ किंचाळली, "तिसरे!"

बादली काठोकाठ भरलेली होती. म्हातारीचं काढून कधीच झालं होतं. "खलास," तिनं खाडीकडे हात करून सांगितलं. मग सूर्याकडे बोट दाखवलं, तो जिथे होता त्याच्या खूप खाली हात नेला, आणि म्हणाली, "बुकरा. सुबह." म्हणजे उद्या, सकाळी. तिला तोडकंमोडकं हिंदी येत होतं.

घरी परतताना मी पंचांगाला नावं ठेवायला लागलो. आपल्याकडची गणितं इथे चालायची नाहीत, वेगळा देश, वेगळा समुद्र, वगैरे. बायको एका पायात चप्पल घालून चालत होती. दारात कुलूप काढता काढता थांबली आणि मनगट माझ्यासमोर धरलं. तिच्या घड्याळात दहा वाजून गेले होते.

"पाणी चुकला नाय. तुमचां घड्याळ चुकला," ती म्हणाली. "आमी गेलव तेवा माझ्या घड्याळात पावणेधा झाले होते. सुकती सव्वाआठाक होती, माझ्या सव्वाआठाक. समुद्राक काय म्हायत तुमचो दीड तास?"

मी शिकलेला माणूस, एसीचं सर्किट वाचतो. पण हे मला सुचलं नव्हतं. तिकडची खाडी आणि इकडची खाडी एकाच वेळी रिकामी कशी होते, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. होते एवढं खरं. माझ्यासारखे कामाला आलेले मालवणी इथे वर्षानुवर्षं राहिले, पण पाण्याची वेळ तिथीवरून काढून ओमानच्या घड्याळात बघायची चूक आमच्याशिवाय कुणी केली नसेल. कारण सूरच्या चिखलात कोणी उतरलंच नव्हतं.

मी म्हटलं, ठीक आहे, पुढच्या शुक्रवारी वेळ बरोबर धरू. आणि एकटी जायचं नाही, परका देश आहे, हेही बजावलं. ती हो म्हणाली. ज्या सुरात किल्ल्याशी 'भायरसून दिसतत तेच?' म्हणाली होती, त्याच सुरात.

शनिवारी साडेतीनला घरी आलो तर दारात अनोळखी चपला. आत बघतो तो चटईवर कालची म्हातारी बसलेली, हातात चहाची वाटी, मांडीला मांडी लावून माझी मुलगी. मोरीत बादली, बादलीत मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या तिसऱ्या. मधूनच एखादी तोंड उघडून पाण्याची चिळकांडी सोडत होती आणि मुलगी प्रत्येक वेळी ओरडत होती. "आज चतुर्थी. उद्या करतंय," बायकोनं मला बघताच सांगितलं. जणू माझी तक्रार तेवढीच असणार.

मी चिडायचं ठरवलं होतं. पण तिच्या नखांत अजून सकाळचा चिखल, केसांत वाळू, आणि ती चटईवर ऐसपैस बसलेली. या घरात ती तोवर कधी ऐसपैस बसली नव्हती. कॉटच्या कडेला टेकायची, बस यायची आहे तशी. मी चिडायचं विसरून गेलो.

म्हातारी उठून गेल्यावर बायको म्हणाली, "तिचो घोव गलबतार आसलो. खजूर घेवन आमच्या बाजूक येय, मुंबयपर्यंत. सात-आठ महिने पत्तो नसायचो. ही पोरांका घेवन हंय, खाडीत तिसरे काढीत."

"तुका कसां कळला? तिका मराठी येता?"

"सांगल्यान ना तिनी." बायकोला माझा प्रश्नच कळला नाही. "तिचो घोव आमच्या बाजूक येय आणि माझो तिच्या बाजूक इलो. वाट बघणारी बायल दोनय काठांक तीच." ती मोरीत हात धुवायला उठली. तिथून, पाठमोरीच, तिनं म्हटलं, "माका पण लय वाट बघूक लागता ओ. तुमका वाटता, माझां बरां चल्लाहा थंय."

 आठ वर्षांत हे ती कधी बोलली नव्हती, आणि मी कधी विचारलंही नव्हतं. फोनवर मी एसीचं सांगायचो, ती पावसाचं सांगायची, आणि दोघंही "बरां आसा" म्हणून ठेवून द्यायचो.

त्या दिवशी मला माझ्या यादीतली खोट कळली. ती एकट्या माणसाची यादी होती. अकराच्या अकरा जागा कुठेतरी बसून कशाकडे तरी बघण्याच्या. शुक्रवार कसाबसा ढकलायला त्या पुऱ्या पडायच्या. पाहुण्यांनाही पुरायच्या, कारण त्यांना दुसऱ्या दिवशी जायचं असायचं. राहायला येणाऱ्या माणसाला नुसतं बघून भागत नाही. त्याच्या हाताला काहीतरी लागावं लागतं. बायको हेच पहिल्या दिवसापासून सांगत होती, मी ते नाक मुरडणं समजत होतो.

रविवारी तिसऱ्यांचं एकशिपी झालं. ओमानच्याच सलालाहचा नारळ, घरची सोलं, एकेका शिंपल्यात टपोरं मांस. मी किती भाकऱ्या खाल्ल्या ते मुलीनं मोजून मॅनेजरलासुद्धा सांगितलं असतं. एक डबा म्हातारीकडे गेला. डबा परत आला तो खजुरांनी भरून. मग हे सुरूच झालं. मी कामावरून यायचो तेव्हा दोघी घरी कमी आणि खाडीत किंवा म्हातारीच्या पायरीवर जास्त. मुलगी महिनाभरात माझ्यापेक्षा बरं अरबी बोलेल अशी लक्षणं दिसत होती.

पण मुख्य गोष्ट होती तिथेच होती. बायको काहीच बोलत नव्हती. मॅनेजर रोज विचारायचा, मदामचे कागद करायचे की खलास? शाळेचा अर्ज घरात टेबलावर कोराच पडलेला. मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा एकच उत्तर, "महिनो झालो?" तिसऱ्या वेळी माझं डोकं सरकलं. "तिसरे मिळाले, चिखल मिळालो, मैत्रीण मिळाली. आता काय हत्ती होयो तुका?" मी ओरडलो. "हत्ती मिळता काय हंय? फुकट?" तिनं विचारलं आणि कांदा चिरत राहिली. मुलगी हसली. मला हसू आलं नाही. मला भीती वाटत होती, सरळच सांगतो. ती गेली तर यानंतर प्रत्येक सुकतीला तो उघडा चिखल मला दिसणार होता. पूर्वी तो दिसत नव्हता, तेच बरं होतं.

परतीला तीन दिवस उरले. गुरुवार होता. कामावरून आलो, मुलगी दारात बसून बादली धुत होती. बायको आत होती. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो आणि सवयीनं कॅलेंडरकडे बघितलं. लाल गोल जागच्या जागी होता, रविवारी. पण आज पहिल्यांदा मला तारखांच्या खाली पेन्सिलीनं लिहिलेले बारीक आकडे दिसले. शुक्रवारखाली सहा. शनिवारखाली पावणेसात. रविवारी, गोलाच्या आत, साडेसात.

सुकतीच्या वेळा. ठीक आहे, मी मनात म्हटलं, जायच्या दिवशीही सकाळी खाडीत उतरणार बाई. मग माझी नजर पुढच्या चौकटीवर गेली. सोमवार. सव्वाआठ.

सोमवारी ती मालवणात असणार होती. तिथल्या सुकतीसाठी तिला कागदावर लिहायची गरज नव्हती, ती तिला तोंडपाठ असते. मी पुढची चौकट बघितली, त्याच्या पुढची. महिनाअखेरपर्यंत सगळ्या भरलेल्या. मी पान उलटलं. पुढचा महिना पहिल्या तारखेपासून शेवटच्यापर्यंत, पेन्सिलीनं. आणखी एक पान उलटलं. तोही. पानं उलटता उलटता खिळ्यावरून कॅलेंडर पडेल म्हणून मी ते छातीशी धरून उभा राहिलो. डोळे भरून आले ते मी पुसलेही नाहीत.

मग लक्षात आलं. सोमवारी पंचमी. पाचची पाऊणपट पावणेचार, त्यात सहा तास, म्हणजे पावणेदहा. इथे लिहिलं होतं सव्वाआठ. दीड तास कमी. सगळ्या वेळा दीड तास कमी करून, एकेक करून, तीन महिन्यांच्या.

"ह्यां काय?" मी हाक मारली. 

"सुकतीचे वेळो," ती आतून म्हणाली.

"पण ह्यो माझ्या घड्याळाच्यो वेळो."

ती दारात आली. मनगटावरचं घड्याळ अजून भारताच्याच वेळेवर होतं. माझ्या डोळ्यांकडे तिनं बघितलं आणि बघितलंच नाही असं केलं.

"तुमका दीड तास वजा करूक जमणा नाय मा," ती म्हणाली. "म्हणान करून ठेवलंय. पुढच्या महिन्यात माका एकटीकच धाडतलास काय खाडीत?"

त्या दिवशीच्या चौकटीत सव्वापाच लिहिलेलं होतं. साडेचार वाजले होते. मुलगी धुतलेली बादली घेऊन दारात उभी होती आणि "बाबानू, यल्ला" म्हणून मला घाई करत होती.